दूतावासात रोज नक्की काय काम चालतं?

परदेशात नोकरीला गेलेला माणूस अडचणीत सापडला की घरच्यांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘एम्बसी’. एम्बसीला मेल टाका, खासदारांचं पत्र जोडा, मंत्र्यांना टॅग करा. पण त्या कचेरीच्या हातात काय आहे आणि काय नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यामुळे होण्यासारखं काम मागायचं राहून जातं आणि न होणाऱ्या गोष्टीसाठी आठवडे वाया जातात. म्हणून इथे दूतावासाचं रोजचं काम आतून समजावून सांगत आहोत. उदाहरणं बहुतेक सौदी अरेबियातली घेतली आहेत, कारण आखातात काम करणाऱ्या भारतीय कामगारांमुळे तिथल्या कचेऱ्यांत हे काम सर्वांत उघडपणे दिसतं.

आधी नावांचा गुंता सोडवू. यजमान देशाच्या राजधानीत असतो तो दूतावास. राष्ट्रकुलातल्या देशांत त्यालाच उच्चायुक्तालय म्हणतात; लंडनला उच्चायुक्त असतात, पॅरिसला राजदूत, काम तेच. इतर मोठ्या शहरांत कॉन्सुलेट असतं, म्हणजे वाणिज्य दूतावास. सौदीत रियाधला दूतावास आहे आणि जेद्दाला कॉन्सुलेट. दम्मामचा कामगार रियाधच्या हद्दीत येतो, मक्का-मदिना किंवा जिझानचा जेद्दाच्या. चुकीच्या कचेरीला पाठवलेला मेल पुढे सरकवला जातो, पण त्यात दिवस जातात. म्हणून माणूस नेमका कुठल्या शहरात आहे, हे आधी विचारून घ्यावं.

आत गेलं की विभाग वेगवेगळे. राजकीय विभाग, आर्थिक-व्यापारी विभाग, माहिती आणि संस्कृती, संरक्षण अताशे (म्हणजे लष्करी प्रतिनिधी), आखातात कामगार विभाग, आणि ज्याच्या खिडकीसमोर रांग लागते तो कॉन्सुलर विभाग, म्हणजे नागरिकांची कामं करणारा. या सगळ्यांचा घरगाडा सांभाळतो ‘हेड ऑफ चॅन्सरी’: इमारतीचं भाडं, गाड्या, पगार, सुरक्षा, शिपायापर्यंत सगळं. जगभरात भारताच्या अशा दोनशेच्या आसपास कचेऱ्या आहेत, आणि लहान देशात राजदूत धरून दोन-तीनच अधिकारी हे सगळे विभाग चालवतात. अधिकारी साधारण तीन वर्षांनी बदलतात, खडतर ठिकाणी त्याहूनही लवकर. स्थानिक भरतीतले दुभाषे आणि कारकून मात्र वर्षानुवर्षं तिथेच असतात. कुठल्या पोलिस ठाण्यात कोणता फॉर्म चालतो, कोणत्या इस्पितळाचा शवागार-प्रमुख फोन उचलतो, हे त्यांनाच पाठ असतं. आमच्या मते दूतावासाची अर्धी ताकद या माणसांत आहे, आणि त्यांचं नाव कुठेच छापून येत नाही.

कामाचा आठवडाही जुळत नाही. सौदीत शुक्रवार-शनिवार सुटी, दिल्लीत शनिवार-रविवार. दोन्ही कचेऱ्या एकाच वेळी उघड्या असतात ते सोमवार ते गुरुवार, त्यातही घड्याळात अडीच तासांचा फरक. दिल्लीहून एखादी खातरजमा हवी असेल आणि ती गुरुवारी दुपारी मागितली, तर उत्तर हातात पडायला पुढचा आठवडा उजाडतो.

आता खिडकीवरच्या कामाकडे येऊ. सौदीत एखाद्या कामगाराचं मालकाशी बिनसतं. पासपोर्ट मालकाकडे, म्हणजे कफीलकडे. तो ठेवून घेणं कायद्याने चूक आहे, तरी सर्रास घडतं. माणूस काम सोडून दुसरीकडे जातो. कफील त्याची पळून गेल्याची नोंद करतो. तिला सगळे ‘हुरूब’ म्हणतात. त्या नोंदीनंतर त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, निरुपयोगी होतो आणि देश सोडायची परवानगीही अडकते. असा माणूस दूतावासात येऊन म्हणतो, मला आउटपास द्या.

आउटपास म्हणजे कागदोपत्री ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’. पासपोर्ट नसलेल्या भारतीयाला एकदाच, एकाच दिशेने, भारतात परतण्यासाठी दिलेला कागद. तो देण्याआधी माणूस भारतीय आहे याची खात्री करावी लागते. जुन्या पासपोर्टची झेरॉक्स किंवा नुसता नंबर असला तरी नोंद संगणकावर सापडते आणि काम लवकर होतं. काहीच नसेल तर नाव, गाव, आईवडिलांची माहिती भारतात पाठवून जिल्हा पोलिसांकडून चौकशी होते. यात आठवडे जाऊ शकतात. आधार कार्ड ओळख पटवायला मदत करतं, पण ते नागरिकत्वाचा पुरावा नाही, त्यामुळे तेवढ्यावर काम भागत नाही.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. आउटपास हातात आला म्हणजे विमानात बसता येतं, असं लोक धरून चालतात. हा कागद भारताच्या दारातून आत येण्यासाठी आहे. सौदीच्या दारातून बाहेर पडायला सौदीचीच एक्झिट परवानगी लागते, आणि ती तिथलं पासपोर्ट खातं, म्हणजे जवाजात, देतं. हुरूब लागलेली असेल तर प्रकरण कामगार कार्यालयातून किंवा तर्हीलमधून, म्हणजे हद्दपारी केंद्रातून, सोडवावं लागतं. माणसाच्या नावावर कर्जाचा किंवा फौजदारी खटला असेल तर तो निकाली निघेपर्यंत कोणताही राजदूत त्याला विमानात बसवू शकत नाही. दूतावास पत्र देतो, दुभाषा सोबत पाठवतो, कफीलला फोन करून तडजोड घडवायचा प्रयत्न करतो. निर्णय यजमान देशाचा असतो.

मृत्यूचं प्रकरण आलं की कागदांची ही साखळी आणखी लांब होते. इस्पितळाचा वैद्यकीय अहवाल, मृत्यू अपघाती किंवा संशयास्पद असेल तर पोलिस अहवाल, पासपोर्ट आणि इकाम्याची प्रत, आणि वारसांचं संमतीपत्र. हे संमतीपत्र गावाकडे तयार होतं: मृताची पत्नी किंवा आईवडील, नोटरीसमोर सही करून, तिथल्या एका ठरावीक माणसाला मृतदेह ताब्यात घ्यायचा अधिकार देतात. मृतदेह भारतात पाठवायचा की तिथेच दफन करायचा, हेही त्यातच स्पष्ट लिहावं लागतं. सौदीत दहनाची सोय नाही, त्यामुळे दहन करायचं असेल तर भारतात आणणं हाच मार्ग. हे पत्र पोहोचलं की दूतावास ना-हरकत दाखला देतो आणि पासपोर्ट रद्द करतो. मग स्थानिक मृत्यू दाखला, पोलिसांची मंजुरी, मृत माणसाच्या नावे शेवटची एक्झिट, एम्बामिंगचा, म्हणजे मृतदेह टिकवण्याच्या प्रक्रियेचा, दाखला, शवपेटी, आणि विमान कंपनीचं कार्गो बुकिंग. भारतातल्या विमानतळावर आरोग्य अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ऑगस्ट 2023 पासून त्यासाठी ‘ई-केअर’ नावाचं पोर्टल सुरू आहे, त्यामुळे पूर्वी मेलवर रेंगाळणारी ही पायरी बरीच सुटसुटीत झाली. नातेवाइकांनी विमानतळाच्या आगमन दाराशी थांबून उपयोग नसतो. मृतदेह कार्गो टर्मिनलवर येतो, मुंबईत सहारच्या कार्गो संकुलात. ओळखपत्र आणि एअर वे बिलाची, म्हणजे कार्गोच्या पावतीची, प्रत घेऊन तिथे जावं.

अडतं कुठे? बहुतेक वेळा नावात. पासपोर्टवर एक स्पेलिंग, इस्पितळाच्या अरबी नोंदीतून परत इंग्रजीत आलेलं दुसरं, संमतीपत्रावर तिसरं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर गोंधळ हमखास. म्हणून संमतीपत्र टाइप करताना पासपोर्टची प्रत समोर ठेवावी आणि नाव अक्षर न् अक्षर तसंच उतरवावं. दुसरी अडचण वारसांच्या भांडणाची. पत्नी एक म्हणते, भाऊ दुसरं. अशा वेळी दूतावास बाजू घेऊ शकत नाही, आणि तोवर देह शवागारात पडून राहतो. तिसरी, खर्चाची. नोकरीच्या करारात ही जबाबदारी बहुधा मालकावर असते. तो टाळाटाळ करू लागला की कामगार विभागाचा अधिकारी पाठपुरावा करतो. मालकच नाहीसा झाला असेल आणि घरची परिस्थिती बेताची असेल तर दूतावास ‘इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंडा’तून खर्च उचलतो. हा निधी 2009 पासून आहे. पासपोर्ट, व्हिसा, साक्षांकन अशा प्रत्येक कामावर घेतलेल्या छोट्या शुल्कातून तो भरतो. अडकलेल्यांचं तिकीट, तात्पुरता निवारा, तातडीचे उपचार, वकिलाची मदत यांसाठीही तो वापरता येतो. मृताचा थकलेला पगार आणि नुकसानभरपाई नंतर येते, कधीकधी वर्षभरानेही, आणि अनेकदा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वारसांपर्यंत पोहोचते. त्यासाठी वारस दाखला आधीच काढून ठेवलेला बरा.

12 जून 2024 रोजी कुवेतमधल्या मंगफ इथे कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि पंचेचाळीसच्या आसपास भारतीय गेले. काही मृतदेहांची ओळख डीएनए चाचणीने पटवावी लागली. दोनच दिवसांनी, 14 जूनला, वायुसेनेचं विमान 45 भारतीयांचे मृतदेह घेऊन कोचीला उतरलं. एरवी एका माणसासाठी कितीतरी दिवस चालणारी कागदांची साखळी पंचेचाळीस जणांसाठी दोन दिवसांत पूर्ण झाली. दोन्ही सरकारांनी वरून जोर लावला होता हे खरंच. पण तसा जोर लावल्यावर इस्पितळ, पोलिस आणि विमानतळ यांच्यात धावणारी माणसं एकमेकांना आधीपासून ओळखत असावी लागतात.

इथे पार्ट्यांचा विषय येतो, कारण राजनैतिक अधिकारी म्हणजे रोज मेजवान्या, असा सर्वसाधारण समज आहे. 26 जानेवारीला सकाळी दूतावासात झेंडावंदन होतं, राजदूत राष्ट्रपतींचं भाषण वाचून दाखवतात. मोठा स्वागत समारंभ वेगळा, बहुधा संध्याकाळी: यजमान देशाचे मंत्री, अधिकारी, इतर दूतावासांची माणसं, व्यापारी, पत्रकार. भारतीय अधिकाऱ्यांना तिथे आपापसांत गप्पा मारत उभं राहायची मुभा नसते. कोणी कोणाला भेटायचं, कोणता विषय काढायचा, हे आधी ठरतं आणि दुसऱ्या दिवशी त्याची टिपणं होतात. तुरुंग खात्याच्या एखाद्या संचालकाशी तिथे झालेली पाच मिनिटांची ओळख सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता फोन करायला उपयोगी पडते. दूतावासाकडे हुकूम सोडायचा अधिकार नाही; त्याच्याकडे विनंती करायचा अधिकार आहे, आणि विनंती ओळखीच्या माणसाची लवकर ऐकली जाते. म्हणून आम्ही या संध्याकाळींना कामाचेच तास मानतो.

विनंतीची अधिकृत भाषा मात्र ठरलेली आहे. दूतावास यजमान देशाच्या परराष्ट्र मंत्रालयाला जे पत्र पाठवतो त्याला ‘नोट व्हर्बाल’ म्हणतात. ते तृतीयपुरुषी असतं, ‘मी’ किंवा ‘आम्ही’ कुठेच नाही. सुरुवात अशी: भारताचा दूतावास परराष्ट्र मंत्रालयाला सादर अभिवादन करून असं कळवू इच्छितो की... शेवट परमादराच्या ग्वाहीने. पूर्ण सही नसते; शिक्का आणि त्यावर आद्याक्षरं. राजदूताच्या गाडीची जकातमाफी असो, कैद्याला भेटायची मागणी असो की तीव्र निषेध असो, साचा हाच. नुसत्या फोनवर झालेली बोलणी नंतर नाकारता येतात. क्रमांक आणि तारीख असलेली नोट नाकारता येत नाही. कैद्याच्या प्रकरणात तर या तारखांनाच महत्त्व येतं.

कैद्यांच्या भेटी कॉन्सुलर संबंधांवरच्या 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या 36 व्या कलमावर चालतात. परदेशी माणसाला अटक झाली तर त्याला हा हक्क सांगायचा, त्याने मागणी केली तर त्याच्या दूतावासाला विनाविलंब कळवायचं, आणि अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं. यातले ‘मागणी केली तर’ हे शब्द प्रत्येक परदेशी जाणाऱ्याने लक्षात ठेवावेत. अटक झाली तर स्पष्ट सांगायचं: माझ्या दूतावासाला कळवा. महाराष्ट्राला या कलमाची ओळख झाली ती कुलभूषण जाधव यांच्या खटल्यामुळे. 17 जुलै 2019 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी पाकिस्तानने या कलमाचा भंग केल्याचा निर्णय दिला: हक्क सांगितला नाही, भारताला वेळेत कळवलं नाही, भेटू दिलं नाही.

भेटीला गेलेला अधिकारी ठरावीक गोष्टी विचारतो. वकील मिळाला का? आरोप कळणाऱ्या भाषेत सांगितले का? न वाचता येणाऱ्या कागदावर सही घेतली का? औषधं मिळतात का, मारहाण झाली का, घरी कळवायचं आहे का? काही जणांना घरी कळवायचं नसतं, आणि त्यांची इच्छा मोडता येत नाही. अधिकारी त्यांच्या बाजूने कोर्टात वकिली करू शकत नाही, जामीन राहू शकत नाही. आखातात खुनाच्या खटल्यात ‘दिया’, म्हणजे मृताच्या कुटुंबाला द्यायची भरपाई, ठरली तर ती रक्कम आरोपीच्या बाजूने उभी करावी लागते. शिक्षा लागल्यावर उरलेली शिक्षा भारतात भोगायची सोय काही देशांशी झालेल्या करारांनुसार आहे. सौदी, अमिरात, कुवेत, कतार त्यात येतात. पण दोन्ही सरकारं आणि कैदी, तिघांचीही संमती लागते.

दूतावास मदत करतो ती भारतीय नागरिकाला. गोव्यातल्या ज्या कुटुंबांनी लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं, त्यांचं भारतीय नागरिकत्व 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या 9 व्या कलमाने संपतं. ब्रिटनमध्ये त्यांच्यावर अडचण आली तर दार ठोठवायचं ते पोर्तुगालच्या दूतावासाचं. पणजीतली माणसं हे जाणतात. ब्रिटनमध्ये पोहोचलेल्या तरुणांना ते बरेचदा ऐन वेळी कळतं.

राजनैतिक संरक्षणाबद्दलही नीट सांगायला हवं. दूतावासाची जागा ‘भारताची भूमी’ नसते. ती यजमान देशाचीच जमीन असते. राजनैतिक संबंधांवरच्या 1961 च्या वेगळ्या व्हिएन्ना करारानुसार त्या देशाचे पोलिस परवानगीशिवाय आत येऊ शकत नाहीत, एवढंच. दूतावासातल्या राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करता येत नाही. पण हे संरक्षण त्याच्या मालकीचं नसतं, देशाचं असतं, आणि देश ते काढून घेऊ शकतो. यजमान देशही कारण न सांगता त्याला ‘नको असलेली व्यक्ती’ ठरवून परत पाठवू शकतो. कॉन्सुलेटमधल्या अधिकाऱ्याचं संरक्षण याहून बरंच तोकडं असतं; ते मुख्यतः कामासंबंधीच्या कृत्यांपुरतंच. डिसेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या भारतीय कॉन्सुलेटमधल्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना घरकामगाराच्या व्हिसाच्या प्रकरणात अटक झाली आणि वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच फरक होता.

या अधिकाऱ्यांच्या घरची बाजू फार कमी बोलली जाते. घर सरकार भाड्याने घेऊन देतं, त्यातलं फर्निचर आणि अशोकचिन्ह असलेली भांडी यादीवर असतात, निघताना मोजून परत करायची. शहराच्या महागाईनुसार परदेश भत्ता मिळतो. सामान जहाजाने जातं, त्यामुळे पहिले काही आठवडे सुटकेसवर निघतात. मुलांची शाळा दर तीन वर्षांनी बदलते. आखातात सीबीएसई शाळा आहेत म्हणून निभतं. मध्य आशियात किंवा लॅटिन अमेरिकेत अभ्यासक्रमच वेगळा, आणि दहावी-बारावीच्या तोंडावर बदली आली की घर दोन ठिकाणी वाटलं जातं. पती किंवा पत्नीला नोकरी करायची तर यजमान सरकारची परवानगी लागते. ती मिळाली तरी दर बदलीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, आणि कित्येकांचं करिअर तिथेच थांबतं. देशाने या जोडीदारांची दखल याहून जास्त घ्यायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आणि धोकाही असतो. पुण्यात एरंडवण्याजवळ मुठेवरच्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. तो पूल रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा आहे. ते बर्मिंगहॅमच्या भारतीय कचेरीत अधिकारी होते. फेब्रुवारी 1984 मध्ये काश्मिरी अतिरेक्यांनी त्यांचं अपहरण करून खून केला. 7 जुलै 2008 रोजी काबूलच्या दूतावासाच्या दारावर झालेल्या स्फोटात ब्रिगेडियर रवी दत्त मेहता आणि परराष्ट्र सेवेतले व्ही. वेंकटेश्वर राव मारले गेले.

शेवटी कामाची गोष्ट. आपलं माणूस परदेशात अडचणीत असेल तर आधी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिला क्रमांक मिळतो आणि ती थेट संबंधित कचेरीत उघडते. एकाच पानात लिहा: पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, सौदीत असेल तर इकामा क्रमांक, राहतं शहर, मालकाचं किंवा कंपनीचं नाव आणि फोन, माणसाचा चालू नंबर, काय घडलं ते तारखांसह, आणि नेमकं काय हवं आहे: सुटका, पगार, परतीचा प्रवास की नुसती खुशाली. घरातल्या एकाच माणसाचा नंबर संपर्कासाठी द्या. पाच नातेवाइकांनी पाच मेल टाकले की पाच फायली उघडतात आणि त्यांतल्या तपशिलांत तफावत पडते. आणि कुणी परदेशी निघत असेल तर जाण्याआधीच पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान, व्हिसा आणि कराराची प्रत यांचे फोटो त्याच्या फोनवर आणि घरच्या फोनवर, दोन्हीकडे ठेवा. तिथे पोहोचल्यावर इकामा मिळाला की त्याचाही फोटो त्याच दिवशी मागवून घ्या.